वर न आलेला लाव्हा

आमच्या हिवरखेडच्या वावरात दगड म्हणजे वेचून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकायची वस्तू. कपाशीनं दगा दिला म्हणून बाबांनी वांगी-टमाटे लावले, तर विहिरीनं तळ दाखवला. त्या वर्षांत आमच्या घरातून पहिल्यांदा कोणी कॉलेजात गेलं, ती मी. आणि विषय घेतला भूशास्त्र. आई म्हणाली, "दगडं शिकाले अमरावतीले कायले जा लागते? आपल्या वावरात कमी हायेत का?" वर्गात माझ्या बाकावर अचलपूरची शबाना येऊन बसली. तिचे अब्बा हंगामात संत्र्याची पॅकिंग करायचे, हंगाम गेला की घरी बसायचे. तिच्याही घरी दगडांवरून हेच बोलणं झालेलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की सरांनी बाहेर काढलं... दोस्ती तिथूनच.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीचा फोन आला, "खाला, अम्मी गई." आजार मोठा होता, मनाची तयारी होती. तरी त्या दिवशी अकोल्याच्या माझ्या वर्गात मी काय शिकवलं, ते मला सांगता येणार नाही.

वऱ्हाडची काळी माती ज्या खडकातून झाली, त्याचा लाव्हा चित्रातल्यासारखा डोंगराच्या शेंड्यातून उडालेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पसरत गेला. वितळलेल्या खडकाचा रस ज्या भेगेत थिजतो तिथं खडकाची उभी भिंत तयार होते. आम्ही तिला डाइक म्हणतो. अचलपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी अशी एक भिंत शबानानं पीएचडीसाठी घेतली. आडवे दगड असे एकावर एक बसलेले की गवंड्यानं रचले म्हणावं. गाव तिला बुडालेल्या किल्ल्याची भिंत समजे आणि खाली गुप्तधन आहे, त्यावर नागाची राखण आहे असं धरून चाले. त्यामुळं कोणी त्या दगडाला पहार लावत नसे.

मी सुटीत तिच्यासोबत जायची. हातोड्या पाहून बकऱ्या चारणाऱ्या एका आजीनं आम्हाला हटकलं.

"कावो पोरीहो, धन काढून राहिल्या का? तुमच्यातली पायाळू कोन हाय?"

पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. शबाना गंभीर चेहरा करून म्हणाली, "मीच हावो आजी. पन मले नुसते दगडंच दिसते."

"मंग कोन्या कामाची तू?" असं म्हणून आजी बकऱ्यांमागं गेली. पुढं कितीतरी दिवस मी शबानाला हेच विचारून चिडवत होते.

तिचा प्रबंध एका गोष्टीवर उभा होता: डोंगरमाथ्यावर जो लाव्हाचा थर आहे, तो याच भेगेतून आला. दिशा जुळत होती, जागा जुळत होती. सासरच्यांनी शिकायला दिलेली मुदत संपत आली होती, आणि लिहून जवळपास झालंच होतं. त्या पावसाळ्यात ओढ्यानं दरड कापली आणि भिंतीचं वरचं टोक उघडं पडलं. भिंत बारीक होत होत खालच्याच थरात संपली होती. वर पोचलीच नव्हती! शिवाय भिंतीच्या दगडात पांढरे मोठे स्फटिक होते, माथ्यावरच्या थरात एकही नव्हता.

तिचा नवरा हमीद आमच्यासाठी मोटारसायकलवर डबा घेऊन आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मतलब आतापर्यंतचं सारं वाया?"

शबाना दरडीसमोर उकिडवी बसून होती. भिंतीच्या टोकावरून बोट फिरवत म्हणाली, "वाया काहून? वर नाही आला, पन खालून निघाला तं होता ना? कुठं थांबला, काहून थांबला, आता ते लिहितो मी."

"आन् घरी काय सांगू?"

"सांग का दगड खोटा बोलून नाही राहिला."

हमीदनं डबा उघडला आणि म्हणाला, "खाऊन घे पहिले. घरच्याईले मी पाहतो." त्यानं खरंच पाहिलं.

तिनं नव्यानं मांडणी केली. रस खोल साठ्यात बराच काळ पडून होता, म्हणून त्यात एवढे मोठे स्फटिक वाढले. भेग फुटल्यावर तो सरळ वर न चढता आडवा, दुरून वाहत आला. ते लांबट स्फटिक सगळे त्याच दिशेनं निजलेले होते. मागचा दाब ओसरला आणि रस वाटेतच थिजला. भेगेचं तोंड कुठं उघडेल हे वरच्या जमिनीइतकंच खालच्या साठ्यावरही अवलंबून असतं, असं तिचं म्हणणं. तोंडी परीक्षेत एकानं विचारलं, जो लाव्हा बाहेर आलाच नाही, त्याचा एवढा अभ्यास कशाला? ती म्हणाली, "सर, बहुतेक रस खालीच थांबतो. वर आलेला तेवढा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याच्याच गोष्टी सांगतो."

मला आमच्या वर्गातल्या, शिक्षण अर्ध्यातच सुटलेल्या मुली आठवल्या.

परवा अचलपूरला गेले. तिच्या खोलीत खिडकीशी काचपट्ट्यांची लाकडी पेटी आहे, प्रत्येक पट्टीवर त्या भिंतीच्या दगडाचा कागदासारखा पातळ काप. मुलीनं एक पट्टी उचलून उन्हासमोर धरली. "अम्मी रोज एक तरी पाहायची," म्हणाली. मीही पाहिली. उजेड स्फटिकांतून आरपार येत होता आणि सगळे एकाच अंगाला कललेले होते.

त्या प्रबंधावर शबानाला पीएचडी मिळाली. सातपुड्याच्या पायथ्याची ती भिंत आता नकाशावर आहे, जिथं थांबली त्या टोकासकट.