खडूने लिहिलेले आकडे

रामधनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर टर्बोची आकृती काढत होतो. पलीकडून शेवंतावहिनी एवढंच म्हणाल्या, "सर, हे दुकानात स्टुलावर बसल्या बसल्याच गेले." आकृती अर्धीच राहिली...

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारं, आत चाक फिरणारं यंत्र; रामधन राठोड यांचं ते दुरुस्त करायचं दुकान वारंगा फाट्यावर, हायवेला अगदी लागून. कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा हा माणूस शाळा सातवीत सोडून ट्रकखाली शिरला तो कायमचाच. मी वसमतला मुलांना डिझेल इंजिन शिकवतो. बारा वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे गेलो तो खरं तर त्यांना शिकवायलाच. इंजिन किती लिटरचं, मिनिटाला फेरे किती, दाब किती, यावरून त्याला हवा किती लागेल याचा हिशेब निघतो. मग कंपनीच्या आलेखावर तो बिंदू मांडायचा आणि त्यात बसणारा कॉम्प्रेसर, म्हणजे टर्बोतलं हवा दाबणारं चाक, निवडायचं. समोर उभ्या ट्रकचा हिशेब मांडून त्याचं चाक बरोबर असल्याचंही मी दाखवलं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या ट्रकच्या हवेच्या पाइपवर तळहात ठेवला.

"तुमचा हिशेब बराबर असंल सर. पण चढाला हवा माघारी येऊन राहिली. चाक मोठं झालं हिला."

मी वाद घातला. घरी येऊन पुन्हा मांडलं तेव्हा चूक सापडली. मी फेरे धरले होते सपाट रस्त्यावरचे. भरलेला ट्रक चढावर दमाने चालतो, इंजिन तेवढी हवा ओढतच नाही, आणि मोठ्या चाकाने दाबलेली हवा उलटी फिरून ठसका देते. तेव्हापासून मी मुकाट्याने त्यांच्याकडे जाऊ लागलो, शिकायला.

इंजिन बंद केलं तरी टर्बोचं चाक थोडा वेळ फिरत राहतं. तेवढा वेळ भाऊ दुकानात कुणाला बोलू देत नसत. मी एकदा विचारलं, "काहून?" ते म्हणाले, "ते सांगून राहिलं असतं." काय सांगतं, ते मात्र कधी बोलले नाहीत. मीही हसण्यावारी नेलं...

तेरावं झाल्यावर वहिनींनी शटर उघडलं. पुढच्या रविवारी मी सामान लावायला मदत करत होतो. फळीवर पाच टर्बो निराळे ठेवलेले, पुसून, तेल लावून. प्रत्येकावर खडूने चार आकडे. भाऊंचंच अक्षर, साताला शेपूट काढायची त्यांची सवय.

भर दुपारी हळदीचा एक ट्रक येऊन थांबला. चढाला गाडी खोकते, असं ड्रायव्हर सांगत होता. वहिनी गाडीच्या नंबरकडे बघत राहिल्या, आत गेल्या आणि एक टर्बो पदरात धरून बाहेर आल्या. शेवटचे चार आकडे तेच होते.

"तुमी यांना भेटला होता का?"

"न्हाई बाई. मी पहिल्यांदाच थांबलो इथं."

मला वाटलं, रस्त्याने जाताना भाऊंनी आवाज ऐकला असेल. त्यांचा कानच तसा होता. मी गाडीच्या इंजिनाचा वहीत हिशेब मांडला. बिंदू वहिनींनी आणलेल्या टर्बोच्या आलेखाच्या बरोबर मध्यावर पडला. मी खुशीत ड्रायव्हरला म्हणालो, "तुमच्या गाडीवरचं चाक या इंजिनाला मोठं आहे."

"असंलच," तो म्हणाला. "ते जुन्या इंजिनाचं हाय. जुनं मोठं होतं, ते बसलं, बंदच पडलं. हे बारकं इंजिन परवाच्या सोमवारी टाकलं."

परवाच्या सोमवारी. भाऊंना जाऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. त्यांनी ऐकलं असेल तर ते जुनं इंजिन, आणि त्याला हे चाक पुरलंच नसतं. मी हिशेब तीनदा केला. या वेळी चूक सापडली नाही.

टर्बो आम्हीच बसवला. ट्रक चढ चढून आला, ठसका गेला होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. चाक फिरत राहिलं, बारीक शीळ घालत... वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. चाक थांबेपर्यंत आम्ही तिघंही कान देऊन उभे राहिलो.

फळीवर अजून चार टर्बो आहेत. वहिनी रोज सगळी फळी पुसतात, आकड्यांना फडकं लावत नाहीत. "यायच्यात गाड्या," म्हणतात. मी दर रविवारी जातो. चहा पिताना आम्ही पोरांचं, पिकांचं बोलतो. एखादी गाडी फाट्यावर वेग कमी करते, आणि दोघांचंही बोलणं मध्येच थांबतं.