कर्ली की कुर्ली

शुभा गेल्याचं मला प्राजक्ताने कळवलं. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हेच, की हिला माझ्याआधी कसं कळलं? शुभाची शाळेपासूनची मैत्रीण मी. अंधेरीच्या ऑफिसात शेजारी बसायचो. प्राजक्ता दिंडोशीची, ऑफिसात परवा-परवा आलेली पोर, शुभाच्या हाताखाली चार गोष्टी शिकलेली. आणि हॉस्पिटलमधून शुभाच्या भावाने फोन केला तो तिला... आता त्याला महिना होऊन गेला, पण ते काही माझ्या डोक्यातून जात नाही.

आमची दोघींची उमेदीची वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळण्यात गेली. मग साहेबांनी बोलावून सांगितलं, आता सगळं मोबाइलवर, शिकून घ्या नाहीतर बघा बुवा. तेव्हा शुभानेच मोबाइल ॲप बनवायचं एक फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडाच, शोधून काढलं. एकदाच कोड लिहायचा, तो अँड्रॉइडवरही चालतो आणि आयफोनवरही. शिवाय सगळा कारभार उघडा. आतलं कोणीही वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. सांभाळणाऱ्या मंडळींना पटली तर ती सगळ्या जगासाठी आत जाते, तुमच्या नावासकट. दर शनिवारी मी मुलुंडहून भांडुपला तिच्याकडे जायची. तिच्याकडे अँड्रॉइड, माझ्याकडे आयफोन, आणि केलेलं दोन्हींवर चालवून बघावं लागायचं. म्हणजे शुभाला माझ्यावाचून पुढे जाताच येत नव्हतं, आणि मला ते फार आवडायचं. कारण बाकी सगळ्यात तीच पुढे. मी धडे पाठ करत बसायची, तोवर हिचं बटण पडद्यावर नाचत असायचं. साहेबसुद्धा काही अडलं की माझ्या टेबलावरून पुढे जाऊन तिला विचारायचे. जळफळाट व्हायचा नुसता. पण शनिवार माझा होता.

सरावासाठी आम्ही तिच्या आईच्या डब्यांचं ॲप केलं. काकू घरून मालवणी जेवण द्यायच्या, भांडुपात त्यांच्या हाताला नाव होतं. ॲपमध्ये आजचे मासे दिसायचे, बोट लावलं की ऑर्डर. पहिल्याच आठवड्यात मी घरी बसून यादी उघडली : बांगडा, पेडवे, कर्ली. कर्ली म्हणजे माझा जीव की प्राण. काटे म्हणाल तर विचारू नका, पण चव! लगेच मागवली. डबा उघडते तर आत कुर्ल्या, म्हणजे खेकडे. आणि कुर्ली मला चालत नाही, खाल्ली की अंगभर पित्त उठतं. मी तणतणत फोन केला. काकू म्हणाल्या, “कर्ली खंय गो? आज कुर्ल्योच होत्यो!” शनिवारी दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. शुभाच्या फोनवर स्वच्छ ‘कुर्ली’. माझ्या फोनवर उकार गायब. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने धरलेली, त्यामुळे खाली लोंबणारा उकार छाटला जात होता. शुभा इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी म्हटलं, ओळ जरा मोकळी कर आणि सोड. पण सोडेल ती शुभा कसली! चूक आपल्या ॲपची नाही, फ्रेमवर्कच्या मुळातली आहे, असं तिचं म्हणणं. महिनाभर ती त्यातच घुसून बसली, दुरुस्ती पाठवली, कोण कुठल्या देशातल्या लोकांनी शंका काढल्या, तिने त्या निस्तरल्या. आणि एक दिवस ती दुरुस्ती आत गेली. नाव तिचं. ऑफिसात पेढे, टाळ्या, साहेबांचं भाषण. कुर्ली आली माझ्या डब्यात, आणि कौतुक हिच्या पानात! मी रुसले. दुरुस्त केलेलं ॲप माझ्या फोनवर घेतलंच नाही.

“नीलू, अपडेट कर ना यार. माझं काम बघ तरी.”

“माझ्या फोनवर कर्लीच बरी.”

“राहू दे मग,” ती म्हणाली. “एक तरी फोन तसा हवाच.”

पुढे प्राजक्ता आली. तिच्याकडेही आयफोन होता, माझ्याहून नवा. शनिवारी टेबलाशी तिसरी खुर्ची लागली, आणि मग माझंच जाणं कमी झालं... पण शुभाची एक खोड सुटली नाही. ऑफिसात, कॅन्टीनमध्ये, शेवटी हॉस्पिटलच्या खाटेवरही, भेटली की आधी हात पुढे. माझा फोन घ्यायची, ॲप उघडायची, ‘कर्ली’ बघून गालात हसायची आणि परत द्यायची.

बाराव्याला प्राजक्ता बोलायला उभी राहिली. म्हणाली, शुभाताई कोणालाही शिकवायला बसल्या की आधी कर्ली-कुर्लीची गोष्ट सांगायच्या. एका कस्टमरला चुकून कुर्ल्या गेल्या होत्या म्हणे... सगळे डोळे पुसता पुसता हसले.

कस्टमर! मी!

काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नंतर प्राजक्ता माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिच्या फोनवर ते ॲप दाखवायला लागली. डबे बंद झालेत, पण काकूंनी शेवटची यादी कोणाला काढू दिलेली नाही. बांगडा, पेडवे, कुर्ली. उकार जागच्या जागी, अगदी ठसठशीत. “बघा ना, किती छान केलंय ताईंनी,” ती म्हणाली. “तुमच्याकडे आहे ना ॲप?”

आहे म्हटलं. पर्स उघडली नाही.

घरच्यांनी नवा फोन घेऊन दिलाय, पण जुना मी अजून रोज चार्जिंगला लावते. प्राजक्ताच्या फोनवर कुर्ली आहे. काकूंच्या, साहेबांच्या, सगळ्यांच्या फोनवर कुर्लीच आहे. कर्ली फक्त माझ्याकडे आहे, आणि ती मी कोणालाही दाखवणार नाही.