चौकटीतलं हवामान

कळमनुरीत घरी बसून मी लोकांना वेबसाइट बनवून देते. आखाडा बाळापूरच्या एका चाचांचं फवारणी पंपांचं दुकान आहे. त्यांचीही साइट मीच केली. ती बघून ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "बेटी, यात हवामान पण दिसलं पाहिजे. शेतकरी पाऊस बघायला येईल, पंप बघून जाईल."

डोकं बराबर चालत होतं त्यांचं. आयफ्रेम म्हणून एक सोय असते. आपल्या पानात चौकट ठेवायची आणि तिच्यात दुसऱ्या साइटचं पान दाखवायचं. मी हवामानाची एक साइट तशी बसवली. चाचा येईल त्या गिऱ्हाइकाला मोबाइल काढून दाखवायचे.

मग एका सकाळी त्यांचा फोन. "बेटी, साइटवर रडकं तोंड काहून येऊन राहिलं?"

उघडून बघितलं. हवामानाच्या जागी राखाडी डबा, त्यात उदास चेहरा. त्या साइटवाल्यांनी आपलं पान दुसऱ्याच्या चौकटीत दाखवायला बंदी केली होती.

"चाचा, ते त्यांनी बंद केलं. आपल्या हातात न्हाई."

"साइट तर आपली हाय ना?"

"साइट आपली, आतलं पान त्यांचं."

"मग तू आत घेतलंच काहून?"

मी त्या साइटला मेल केला, उत्तर नाही. शेवटी परवानगी देणारी दुसरी साइट सापडली, पण मोबाइलवर चौकट उजवीकडून कापली जाई. ते नीट करण्यात दुपार गेली. पाऊस दिसला एकदाचा, आणि त्याच्याखाली नांदेडच्या एका दुकानाची पंपांची जाहिरात!

"माझ्या दुकानात त्याचा बोर्ड?" चाचा ओरडले. चौकटीतलं एक अक्षरही मला हलवता येत नाही, हे सांगताना मी रडकुंडीला आले.

चौकटच काढून टाकली. साधी लिंक दिली. चाचांनी ती दाबली, तर आपली साइट जाऊन हवामानाचं पान आलं.

"हे तर गिऱ्हाइकाला हात धरून बाहेर काढणं झालं!"

मग ती नव्या टॅबमध्ये उघडेल असं केलं, म्हणजे मागं दुकान उघडंच राहील. कुरकुरत का होईना, चाचा मानले.

संध्याकाळी पुन्हा फोन. "बेटी, त्या रिकाम्या जागेत क्रिकेटचा स्कोर बसवता येईल का?"

येईल, पुन्हा तशीच चौकट ठेवून, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच जास्त संताप आला.