साडीच्या घडीतली पानं

"उभ्यानं भांडू नका, बसून भांडा," असं म्हणत वकीलसाहेब दोन्ही पक्षांना खुर्च्या द्यायचे. खोलीत खुर्च्या दोनच, म्हणून स्वतः उभे. साड्यांच्या बाजारामागच्या लिंबायत वस्तीतल्या त्या खोलीत मी टायपिंग करायचो. सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भांडण तिथंच मिटलं की केस हातची जायची, आणि हा माणूस खूश! "देशांनाही असंच बसवायला निघाले होते लोक," म्हणायचे. पहिल्या महायुद्धाच्याही आधी, तोफा काढण्यापूर्वी पंचांपुढे बसा म्हणून जगाला विनवणारी माणसं होती. त्यांची पत्रकं, भाषणं साहेबांनी जन्मभर जमवली आणि स्वतःच्या हातानं मराठीत उतरवली.

"पण साहेब, शेवटी युद्ध झालंच ना?"

"म्हणून काय त्यांचं म्हणणं खोटं पडलं?" असं म्हणून चिडायचे!

डोळे अधू झाले तशी त्यांना एकच काळजी लागली. आपल्यामागे या कागदांचं काय? एका वाचनालयाने ते मागून घेतले. शाल, हार, फोटो, सगळं झालं. साहेब दिवसभर हसत होते.

वर्षभरात गल्लीतली खानदेशी ताई आली. ती घरी साड्यांच्या घड्या घालते. घडी मोडू नये म्हणून आत रद्दी कागद सरकवतात. तो कागद साड्यांचा व्यापारीच पाठवतो. तिच्या हातात काही पानं होती.

"वकीलसाहेब, हाई तुमनंच अक्षर शे ना?"

मी व्यापाऱ्याकडे धावलो. "माल तो गयो," एवढंच उत्तर; साड्या कागदांसकट रवाना झाल्या होत्या. वाचनालयातले गृहस्थ चहा पीत म्हणाले, "कपाट रिकामं हवं होतं, म्हणून रद्दीत दिले. रजिस्टरला नोंदही नव्हती." अरे, नोंद करायचं काम कुणाचं? आमचं? फोटो तेवढा भिंतीवर लावला होता!

मी वाचनालयाला नोटीस टाइप करायला बसलो. साहेबांनी हात धरला. "आधी त्यांना बोलावू." तीन पत्रं गेली. प्रत्येक वेळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर वाट बघत बसले. कुणी फिरकलं नाही. खरं सांगतो, मला साहेबांचाही राग आला.

पुढे साहेब वारले. शोकसभेला मात्र ते गृहस्थ वेळेवर आले, पुढच्या रांगेत बसले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेबांचं काही लिखाण उरलं असेल तर द्या. आम्ही जपून ठेवू."

ताईने वेचलेली अकरा पानं माझ्या पिशवीत होती.

"काही उरलं नाही," मी म्हणालो. साहेबांच्या शोकसभेत खोटं बोललो. पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन.