काचकाकांची बादली

मैदानाच्या रखवालदाराला सगळी वस्ती काचकाका म्हणायची. हे नाव काही त्यांनी मागून घेतलं नव्हतं. रोज सकाळी लोखंडी बादली आणि चिमटा घेऊन ते गवतात वाकलेले दिसायचे आणि बादलीत टण्‌ टण्‌ आवाज होत राहायचा. लोक कट्ट्यावर बसून सोडा, सरबत, बिअर प्यायचे आणि रिकामी बाटली खुशाल भिंतीवर फोडायचे. काकांनी समजावून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या, एकदा तर हात जोडले. कुणी ढिम्म हललं नाही.

त्यांच्या लेकीला लहानपणी इथेच काच लागली. तळपाय फाटला, टाके पडले. तेव्हापासून तिने त्या गवतावर अनवाणी पाऊल टाकलं नाही, आणि काकांनीही कधी आग्रह केला नाही. बापाच्या राखणीतल्या मैदानात पोरीचा पाय कापला, हे त्यांना अजून सलायचं.

मग बाटलीवर अनामत आली. दुकानदार पेयाबरोबर थोडे जास्तीचे पैसे घ्यायचा आणि रिकामी बाटली किंवा डबा आणून दिला की परत करायचा. काका फिदीफिदी हसले. "रिकाम्या बाटल्या परत न्यायला लोक काय रिकामटेकडे आहेत?" असं त्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

पण लोक भलतेच शहाणे निघाले. फुटलेल्या बाटलीचे पैसे मिळत नाहीत, हे कळायला कुणालाच शिकवणी लागली नाही. ज्यांना न्यायचा कंटाळा, ते बाटली कट्ट्याच्या कडेला नीट उभी ठेवू लागले. ती दुसरं कुणीतरी उचलायचंच. फुटबॉलवाल्यांनी तर नियमच केला, की जिंकेल त्या संघाने दोघांच्याही बाटल्या न्यायच्या. मग गोलापेक्षा बाटल्यांवरून जास्त भांडणं होऊ लागली. त्याच पैशांतून गोलपोस्टला नवी जाळी मात्र आली.

बादलीचा आवाज हळूहळू बंद झाला. काकांना बरं वाटायचं आणि चुकल्याचुकल्यासारखंही व्हायचं. मातीतली जुनी काच अधूनमधून वर यायची म्हणून ते फेरी मारत राहिले. हल्ली तीही सापडत नव्हती.

अशात लेक वर्षभराच्या नातीला घेऊन राहायला आली. नात चालायला नुसती उतावीळ, पण घरातल्या गुळगुळीत फरशीवर तिचे पाय सरकायचे.

"बाबा, हिला गवतावर चालवू या," लेक म्हणाली.

"बूट घाल आणि ने."

"बुटात तिला उभंसुद्धा राहता येत नाही."

"मग नकोच."

दुसऱ्या दिवशी काका फेरीला निघाले, तर बादली जागेवर नाही. शोधता शोधता खिडकीखाली सापडली. बायकोने तिच्या बुडाला भोकं पाडून माती भरली होती आणि वर मिरचीची रोपं लावली होती.

"अगं, माझी बादली!" काका ओरडले.

"रिकामीच नेता आणि रिकामीच आणता, मी काय बघत नाही?" बायको शांतपणे रोपांना पाणी घालत म्हणाली. "काच कधीच संपली. आता तुमची भीती तेवढी उरलीय. ती काही बादलीत मावायची नाही."

काका तरातरा मैदानावर गेले, चपला काढल्या आणि कोपरान्‌कोपरा अनवाणी पालथा घातला. खेळणारी मंडळी खेळ थांबवून बघत राहिली. घरी येऊन त्यांनी दारातच एका हाताने चौकट धरली आणि पाय उचलून लेकीला दाखवला. तळवा गवताने हिरवा झाला होता, पण साधा ओरखडाही नव्हता.

"बघ. आता चल घेऊन तिला."

मैदानाच्या कडेला आल्यावर लेकीने नातीला आजोबांच्या हातात दिलं. मग खाली बसून तिने स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले. तळपायावरचा जुना व्रण पांढरा पडला होता. ती गवतात उतरली, थोडी पुढे गेली, वळली आणि तिने दोन्ही हात पसरले.

"सोडा तिला, बाबा."

काकांनी सोडलं.