कशावरून मॅडम

घावन कसं झालंय, हे मॅडमनी कधी कोणाला विचारलं नाही. त्या मूळच्या सांगलीकडच्या. घावन त्या महाडला आल्यावर शेजारणीकडून शिकल्या. घरी विद्यार्थी आले की ताटलीत घावन आणि वाटीत गूळ घातलेला नारळाचा रस यायचा. मग मॅडम समोर बसून ताटल्यांकडे बघत राहायच्या. "आवडलं का विचारलं तर इथला माणूस हो म्हणणारच," त्या सांगायच्या. "दुसरं मागून घेतलं तर आवडलं. तोंडाचं ऐकायचं, पण हाताकडे बघायचं."

कॉलेजात त्या बी.ए.च्या वर्गाला मानसशास्त्र शिकवत. संशोधन पद्धती हा पेपर मुलांना नको असायचा, तो त्यांनी मागून घेतला होता. वर्गात कोणी काहीही ठामपणे म्हटलं की त्यांचा एकच शब्द यायचा, "कशावरून?" त्यात टोमणा नसायचा. एसटी कुठली, हे विचारावं तसा साधा सूर. पण तो शब्द ऐकला की बोलणारा आपलंच वाक्य पुन्हा तपासायला लागायचा. नाव पडलं ते त्यावरूनच. मागून मुलं 'कशावरून मॅडम' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी ते लिहून ठेवलं. मॅडमनी वाचलं, शेवटी प्रश्नचिन्ह घातलं आणि तास सुरू केला.

एमआयडीसीतल्या कामगारांची मुलं वर्गात बरीच होती. एकाने प्रकल्पासाठी विषय आणला: रात्रपाळीमुळे माणूस चिडका होतो.

"कशावरून?"

"मॅडम, आमचे पप्पा बघा ना. रात्रपाळी लागली की घरात कोणी बोलायचं नाही."

"चिडकी माणसं घरी नकोत म्हणून घरचेच त्यांना रात्रपाळीला पाठवत असतील, तर?"

वर्ग हसला. मुलगाही हसला आणि म्हणाला, "हे मम्मीला विचारायला पाहिजे."

"विचार. पप्पांनाही विचार. पण दोघांना वेगवेगळं विचार," मॅडम म्हणाल्या. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही, हे त्या वर्गाला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

त्यांची उदाहरणं गावातलीच असत. स्टँडवरचं घड्याळ रोज तेवढंच पुढे असायचं. मॅडम म्हणायच्या, घड्याळ विश्वासू आहे, रोज सारखंच सांगतं, पण बरोबर सांगत नाही. काही प्रश्नावल्या अशाच असतात. नमुना कसा निवडायचा हे शिकवताना त्या चवदार तळ्यावर जायच्या. वीस मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, तळ्यावर उभं राहून भेटेल त्याला गाव विचारलं आणि महाडची माणसं विदर्भातून येतात असं लिहून टाकलं, तर चालेल का? तळ्याजवळच राहणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी आम्ही घरात पाहुण्यांचा स्वयंपाक करत असतो. आम्ही तुमच्या नमुन्यात येणारच नाही." मॅडमनी पुढे अनेक वर्षं हे उत्तर तिच्या नावानिशी सांगितलं.

या सगळ्याची खरी परीक्षा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत झाली. तिथली रेश्मा शेवटच्या वर्षाला होती. वाडीच्या डोक्यावरच्या डोंगराला भेग पडली होती आणि दर पावसाळ्यात ती रुंदावत होती. वस्ती खाली रस्त्याजवळच्या माळावर हलवायची का, हे ठरवायला एक सरकारी पथक येऊन गेलं. देवळात सगळ्यांना बसवून त्यांनी विचारलं, "जागा सोडायला कोण कोण तयार आहे? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. ग्रामस्थांचा नकार, अशी नोंद झाली. वर्तमानपत्रांतही तेच आलं. वाडीचं नाव पुनर्वसनाच्या यादीतून निघणार, हे जवळजवळ नक्की झालं. रेश्माची आई आणि आजोबा त्या भेगेच्या बरोबर खाली राहत होते.

रेश्मा मॅडमकडे आली ती रडत नव्हती, चिडलेली होती. "सगळी खोटं बोलली, मॅडम. पावसात जीव मुठीत घेऊन असतात. मी घरोघर जाऊन विचारते, बघा हो म्हणतात का नाही."

"म्हणतील. तू विचारलंस तर नक्की म्हणतील," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तू विचारायचं नाहीस."

"माझ्या आईला मीच विचारायचं नाही?"

"तुला कुठलं उत्तर हवंय ते तिला ठाऊक आहे. आई लेकीला हवं ते उत्तर देते."

मॅडमनी वर्गातली दुसरी तीन मुलं निवडली आणि निघण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून टाकली. नीट विचारूनही बहुतेकांनी नाही म्हटलं, तर तेही तसंच लिहून द्यायचं.

"मग आप्पांचं काय?" रेश्माने विचारलं. आप्पा म्हणजे तिचे आजोबा.

"मग त्यांना समजवायला मी स्वतः येईन, शिक्षक म्हणून नाही. पण उत्तर बदलणार नाही," मॅडम म्हणाल्या.

मी तेव्हा महाडला वार्ताहर होतो आणि त्यांचा जुना विद्यार्थी. बरोबर येऊ द्या म्हटल्यावर त्यांनी अट घातली, मी देवळात बसायचं, कोणाच्या ओटीवर नाही. "तू दिसलास की माणसं बातमीत शोभेल ते बोलतील." वाडीत पोचल्यावर रेश्मालाही माझ्याबरोबर देवळात बसवलं. ती सबंध वेळ नखं कुरतडत होती. देवळातून तिच्या घराची ओटी समोरच होती आणि बोलणं ऐकू येत होतं. मॅडमच्या लक्षात ही गोष्ट आली नव्हती.

नियम असा होता की आधी सांगायचं, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ओटीवर आप्पा बसले होते. त्यांना मॅडमनी तसं सांगितलं.

"मग नाय देत," आप्पा म्हणाले.

"बरं," म्हणून मॅडम उठल्या आणि पायरी उतरल्या. आप्पा काठी घेऊन मागून आले.

"ओ मॅडम, नाय म्हटलं तर चाललात व्हय? कोण असं जातं? जरा आग्रह तर करायचा!"

"आग्रह करायचा नाही, असा नियम आहे, आप्पा."

"जेवायला पण नाय करीत?"

"जेवायला करते."

"मग इचारा. पण मी हलणार नाय, हे आधीच लिहून घ्या." मॅडमनी ते लिहून घेतलं.

मग आप्पांना पलीकडे पाठवून त्यांनी रेश्माच्या आईला विचारायला सुरुवात केली. पहिला प्रश्न त्यांनी मुद्दाम पथकाचाच ठेवला होता. जागा सोडाल का? उत्तर आलं, "नाय." दुसरा प्रश्न मॅडमचा होता. भीती वाटते का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पाऊस जोराचा लागला की झोपता कुठे?"

"शाळेत. खालच्या. सगळीच झोपतात, हे म्हातारं पण. घोंगडी घेऊन सगळ्यांच्या आधी."

"मग इथून हलायला नको का म्हणता?"

"हलायला कोण नको म्हणतो? जागा सोडायला नको म्हणतो."

मॅडमचं लिहिणं थांबलं. "जागा सोडायची म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे सही करायची नि सातबाऱ्यावरचं नाव जायचं. खाली कारखान्यात जागा गेल्या ना लोकांच्या, तशी. आमची वरकस जमीन, आंब्याची दोन झाडं, कशी सोडू ओ? झोपायला काय, कुठं पण झोपू."

रेश्मा उभी राहिली. "मला माहीत होतं!" ती म्हणाली आणि मग तिलाच उमगलं की हे तिलाही माहीत नव्हतं. तिच्या घरात 'जागा गेली' हे शब्द लहानपणापासून बोलले जात होते. पथकातल्यांना जागा म्हणजे राहण्याचं ठिकाण वाटलं होतं, मॅडमनाही तसंच. वाडीला जागा म्हणजे नावावरची जमीन. स्टँडवरच्या घड्याळासारखं झालं होतं. कितीही वेळा विचारलं तरी उत्तर तेच आलं असतं, आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

मॅडमनी प्रश्न बदलला: जमीन नावावरच राहणार असेल, तर घर खाली माळावर न्याल का? मुलं नव्याने एकेका घरात गेली. पुरुषांना वेगळं विचारलं, बायकांना वेगळं. संध्याकाळी मुलं देवळात परत जमल्यावर मॅडमनी सांगितलं की रेश्माच्या आईचं उत्तर धरायचं नाही.

"का?" रेश्माचा आवाज चढला. "जिच्यामुळे कळलं, तिचंच नाही धरायचं?"

"'मग इथून हलायला नको का म्हणता' हे मी बोलून गेले. त्या प्रश्नातच उत्तर होतं. शिवाय तू इथून ऐकत होतीस हे तिला दिसत होतं. मला आत्ता कळलं. तिच्यामुळे प्रश्न सापडला, गो. उत्तर बाकीच्यांनी द्यायचं." सांगलीच्या मॅडमच्या तोंडून आलेला कोकणातला 'गो' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

बाकीच्यांनी ते दिलं. बहुतेक घरांनी हो म्हटलं. काहींनी नाही म्हटलं, त्यांत आप्पा होते. मॅडमनी पथकाला दोन्ही उत्तरं लिहून दिली आणि पहिल्या प्रश्नात काय चुकलं तेही, कोणालाही दोष न देता. त्यानंतर पथक पुन्हा आलं. या वेळी जमिनीचं आधी स्पष्ट करून मग विचारलं आणि हात वर झाले. वाडी खाली आली. आप्पाही आले. मॅडमनी त्यांना कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळी खाली आली. वर मी भांडू कोणाशी?"

डोंगर अजून उभा आहे. भेग आहे, दरड आलेली नाही. पुढे मॅडम केव्हाही माळावर गेल्या की आप्पांचा ठरलेला टोमणा असायचा, "मॅडम, दरड काय आली नाय बा. उगाच हलवलंत."

"उगाच, कशावरून?"

"मग उगाच नाय, हे तरी कशावरून?"

या प्रश्नावर मॅडमना फार आनंद व्हायचा. वर्गात त्या तो सांगायच्या. एक वाडी हलवली असती आणि तशीच दुसरी भेगेखाली ठेवून दिली असती, तर आप्पांना उत्तर देता आलं असतं. "काही प्रयोग करायचे नसतात. त्यांचं उत्तर न कळणं, ही आपण दिलेली किंमत," असं म्हणून त्या फळा पुसायच्या.

निवृत्तीनंतर त्या महाडलाच राहिल्या. आजारपण थोडक्यात आटोपलं. बघायला येणाऱ्यांनी आज बऱ्या दिसताय म्हटलं की त्या हळूच विचारायच्या, कशावरून. त्या गेल्यावर कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. माळावरून टेम्पो करून माणसं आली होती. रेश्मा आता पोलादपूरला शिक्षिका आहे, ती आईला आणि आप्पांना घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. भाषणं झाली. एक वक्ते म्हणाले, "मॅडमनी एका अख्ख्या वाडीचे प्राण वाचवले."

"कशावरून?"

आवाज आप्पांचा होता. ते काठी टेकून उठले होते. रेश्माने त्यांचा हात दाबला, "आप्पा, बसा ना."

"बसतो, गो. दरड आलेली नाय अजून, म्हणून इचारलं." मागच्या रांगांतून कोणीतरी हसलं, मग मॅडमचे सगळेच जुने विद्यार्थी हसायला लागले. शोकसभेत असं हसू मी तरी पाहिलेलं नाही. ते थांबेपर्यंत आप्पा काठीवर भार देऊन उभे राहिले.

"वाचवलं का, ते म्हाईत नाय," ते म्हणाले. "पण नाय म्हटलं तर नाय लिहून घेतलं. असं कोण घेतं?"

मग ते बसले. वक्त्यांनी कागदावरचं ते वाक्य खोडलं आणि पुढचं वाचायला घेतलं.