उडीचं बटण

ताई माझ्याशी गोड बोलायला लागली, तेव्हा मी खरा घाबरलो.

आमच्या घरात गोड बोलणं परक्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. ताई माझी थोरली बहीण. लग्न होऊन रोह्याला गेली, मी पेणलाच राहिलो, पण माझी सालं काढायचा हक्क तिने माहेरी सोडला नाही, बरोबर नेला. मी पेणहून पापड घेऊन गेलो की पुडा उघडून, एक पापड उजेडात धरून म्हणायची, "हे तळायचे की चपलेला लावायचे?" आणि मग दोन किलो ठेवून घ्यायची.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, बोलणं परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला, पाहुण्याने विसरलेल्या पिशवीसारखा. दिवाळीनंतर मी पापड घेऊन गेलो तर म्हणाली, "किती छान आहेत रे. कशाला त्रास घेतलास?"

ओटीवरून उतरल्यावर मी बायकोला म्हटलं, "ताई बरी नाय."

"अहो, डॉक्टर म्हणाले ना, सुधारणा आहे."

"डॉक्टरांना काय माहीत ती माझ्याशी कशी बोलते ते!"

भावोजींचंही तेच म्हणणं. ते कंपनीतून निवृत्त झाले तरी शरीर अजून शिफ्टमध्येच आहे. पहाटे उठून बसतात आणि कुठे जायचं ते आठवत राहतात. मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "मेहुणे, काल मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. म्हटलं आता तरी ओरडेल. गपगुमान प्यायली हो. वर म्हणते, बरा झालाय."

त्यांच्या हातात वाटी होती. बिरड्यासाठी भिजवलेले, मोड आलेले वाल ते सोलत होते. हे काम ताईचं. तिच्या उजव्या अंगठ्याने वाल नुसता दाबला की दाणा टुणकन वाटीत आणि साल बोटांत. भावोजींचे निम्मे दाणे फुटत होते. ताई ओटीवर खुर्चीत बसून ते फुटके दाणे बघत होती आणि काहीच बोलत नव्हती. पूर्वी एक दाणा फुटला असता तरी शेजारच्या दोन घरांना कळलं असतं.

परतीच्या गाडीत निडी स्टेशन आलं आणि मला सुचलं. मग बायकोला म्हणालो, "बेडूक आणायला पायजे."

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

बेडकाची हकिकत अशी. आम्ही शाळेत असताना आमच्या काकांनी आखातातून एक कंप्युटर आणला होता. कंप्युटर म्हणजे नुसता कीबोर्डच, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची. मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा आवाज बराच वेळ यायचा, आणि नशीब असेल तर खेळ सुरू व्हायचा. आमच्याकडे एकच खेळ होता. एक बेडूक विहिरीत पडलाय, त्याला कपारीकपारीवरून उड्या मारत वर आणायचं. ओ दाबलं की डावीकडे, पी दाबलं की उजवीकडे, आणि स्पेस म्हणजे उडी.

काकांनी जाताना बजावलं, "दोघांनी मिळून खेळा, भांडू नका." आम्ही ते शब्दशः घेतलं. आम्हाला वाटलं, हे यंत्रच दोन माणसांचं आहे. म्हणून ताई उजवीकडे बसून ओ आणि पी सांभाळायची, मी डावीकडे बसून उडी. ती ओरडायची, "उडी!" की मी दाबायचो. उशीर झाला की बेडूक खाली आणि माझ्या पाठीत धपाटा. एका माणसाने दोन हातांनी हा खेळ खेळायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. पुढे कधीतरी कंप्युटरमध्ये पाणी गेलं, आणि बेडूक विहिरीत राहिला तो राहिलाच.

आता असे जुने कंप्युटर इम्युलेटरवर चालवता येतात हे मी ऐकून होतो. इम्युलेटर म्हणजे बहुरूपीच. आज या यंत्राचं सोंग, उद्या त्या यंत्राचं. काडेपेटीहून थोडा मोठा एक डबा टीव्हीच्या मागे लावायचा, आणि तो म्हणतो, सांगा, आज कोण होऊ? मी मोबाइलवर बघून बघून तो उभा केला. आमचा बेडूकही सापडला. आणि भावोजींना बरं वाटावं म्हणून त्यांची गाडीही बसवली. तरुणपणी शिफ्ट सुटल्यावर ते बाजारातल्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये गाड्यांची शर्यत खेळून मगच घरी यायचे. ताई तेव्हा जेवण झाकून ठेवून शब्द गरम ठेवायची.

प्रश्न फक्त बटणांचा होता. ओ आणि पी उजव्या हाताची. ताईला सगळं डाव्या हाताखाली पाहिजे. त्यासाठी कॉन्फिग फाइल लिहावी लागते, म्हणजे कुठल्या बटणाने काय व्हावं याचा साध्या अक्षरांतला हुकूमनामा. मी तो रोह्याला बसून अर्ध्या तासात लिहिला, ए, एस आणि डी ही तीन शेजारची बटणं दिली, विजयी मुद्रेने चहा प्यायलो आणि पेणला परत आलो.

दुसऱ्या दिवशी भावोजींचा फोन. "मेहुणे, माझी गाडी वळत नाय."

"ब्रेक दाबताय का?"

"काय दाबू? डावा बाण दाबला तर काय नाय. उजवा दाबला तर काय नाय. सरळ जाते आणि भिंतीला लागते. चुकून कोपर पडलं एस वर, तर वळली! असं कोपराने चालवू का आता गाडी?"

तेव्हा मला शहाणपण आलं. या बहुरूप्याकडे एक सगळ्यांची सामाईक फाइल असते, आणि प्रत्येक सोंगाची वेगळी फाइल करता येते. तो आधी सामाईक वाचतो, मग त्या-त्या यंत्राची, आणि यंत्राच्या फाइलीत जे लिहिलं असेल ते शेवटी खरं. मी ताईचा डावा हात सामाईक फाइलीत लिहून ठेवला होता. म्हणजे एका माणसाचं पथ्य म्हणून अख्ख्या घराला मुगाची खिचडी.

बायकोला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय एवढं? आपल्याकडे आमटी एकच असते, तुमच्यासाठी वेगळी वाटी काढून तिखट कमी करतात. मोठ्या टोपात कोण पाणी ओततं?"

मी ओतलं होतं.

पुढच्या रविवारी रोह्याला जाऊन सामाईक फाइल पूर्ववत केली आणि जुन्या कंप्युटरची वेगळी फाइल केली. तिला बरोब्बर त्या यंत्राचं नाव द्यावं लागतं. एक अक्षर चुकलं तरी इम्युलेटर रागावत नाही, फक्त दुर्लक्ष करतो. माझं अर्थातच चुकलं. बराच वेळ मी बटणं दाबतोय आणि बेडूक ढिम्म, मला ओळखतच नाही. भावोजी मागून म्हणाले, "हा पण गोड वागायला लागला वाटतं."

शेवटी जमलं. भावोजींची गाडी बाणांवर वळू लागली, बेडूक ए, एस, डीवर हलू लागला. फाइलीत वर मी एक ओळ लिहिली. ओळीच्या आधी एक चिन्ह टाकलं की यंत्र ती वाचत नाही, ती फक्त माणसांसाठी असते. लिहिलं, 'ही ताईची. हात लावू नये.'

ताईला टीव्हीसमोर बसवलं, कीबोर्ड स्टुलावर ठेवला. ती विहीर दिसली, तो निळा-हिरवा चट्ट्यापट्ट्यांचा उजेड तोंडावर पडला, आणि क्षणभर तिचा चेहरा फ्रॉकमधला झाला. मी मागे सोफ्यावर जाऊन बसलो. तिचं तिला खेळू दे म्हटलं. एकटीने, एका हाताने, कुणाच्या मदतीशिवाय. मला माझं फार कौतुक वाटत होतं.

बेडूक दोन कपारी चढला आणि पडला. पुन्हा चढला, तिथेच पडला. "छान आहे रे," ताई म्हणाली. "जमतंय हळूहळू. तू किती केलंस माझ्यासाठी."

झालं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कीबोर्डवर इस्त्रीचे कपडे ठेवले होते. "लावतच नाय," भावोजी हळू आवाजात म्हणाले. "मी म्हटलं की लावते, दोनदा पडते, छान आहे म्हणते आणि बंद करते."

मी कपडे उचलले, बेडूक लावला आणि म्हटलं, "ताई, एकदा माझ्यासमोर खेळ." नाही म्हणायचं तिने सोडलंच होतं, त्यामुळे बसली. मी सोफ्यावर, हातात बायकोने दिलेला लाडू.

बेडूक पहिली कपार चढला. दुसरी चढला. तिसरीच्या टोकाशी आला आणि ताई ओरडली, "उडी!"

आणि तिने बटण दाबलंच नाही. डी तिच्याच बोटाखाली होतं. बोट तिथे तसंच, आणि मान मात्र तिने डावीकडे वळवली, रिकाम्या जागेकडे. बेडूक पडला.

मी लाडू तोंडात तसाच धरून बसलो. तिला बटणं जड जात नव्हती. मी उडी दाबायची ती वाट बघत होती. मी तिच्यासाठी सगळं एका हातात आणून ठेवलं होतं, फक्त मला काढून.

"थांब," मी म्हटलं. "फाइल चुकलीय."

"राहू दे रे, चांगली आहे."

"चांगली काय, डोंबल! सरक."

तिथल्या तिथे फाइल उघडली. ए आणि एस तसेच ठेवले, ते तिचे. डीवरची उडी काढली आणि कीबोर्डच्या पार उजव्या टोकाला नेली. मग मुढा ओढून तिच्या उजव्या बाजूला बसलो, जिकडे तिचा हात मांडीवर पडलेला होता. लहानपणी मी डावीकडे असायचो. आता जागांची अदलाबदल.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू खेळणार?"

"उडीपुरता."

बेडूक निघाला. पहिली कपार, दुसरी. "उडी!" ताई म्हणाली. मी दाबलं, पण वयाप्रमाणे दाबलं. बेडूक गेला खाली.

"अरे!" ताई म्हणाली.

पुन्हा सुरू केलं. "उडी!" पुन्हा खाली.

"मेल्या, उडी म्हटल्यावर उडी मारायची, पंचांग नाय बघायचं! पन्नाशी आली तरी बोट गोगलगायीचंच! आणि तो लाडू आधी गीळ, कीबोर्डवर सांडतोस."

स्वयंपाकघरात भावोजी वाल सोलत होते, ते वाटीसकट दारात येऊन उभे राहिले. बायको त्यांच्या मागे. मी तोंड खाली घालून लाडू गिळला.

"आणि तुम्ही," ताईने मान न वळवता दाराकडे तोफ फिरवली, "दाणे फोडून फोडून बिरड्याचं पिठलं करणार आहात काय? गो, त्यांच्या हातातली ती वाटी काढून घे आधी!"

बायकोने वाटी घेतली. भावोजी पंच्याने हात पुसायला लागले, मग डोळे पुसायला लागले, मग ओरडले, "वालाचं पाणी उडालं!"

त्या दिवशी बेडूक पाचव्या कपारीपर्यंत गेला. निघताना मी पिशवी उचलली तर ताई म्हणाली, "त्या फाइलीत माझा उजवा हात पण घाल."

"त्याला काय काम देऊ?"

"काम नको देऊ. नुसतं सामील कर. सारखा बसून असतो."

मी चपला काढून परत आत आलो आणि एक ओळ वाढवली. खेळ सुरू करायचं बटण तिच्या उजव्या हाताला दिलं. त्या बटणाला घाई नसते. बेडूक पडला की विहीर तशीच थांबून राहते, कितीही वेळ.

आता मी गेलो की असं होतं. बेडूक पडतो, मी शिव्या खातो. ताई डाव्या हाताने उजवा हात उचलून कीबोर्डवर ठेवते आणि सोडून देते. पुढचं त्याचं त्याने करायचं. बोट थरथरतं, थांबतं, परत निघतं. मी मदतीला हात पुढे केला तर धपाटा बसतो, डाव्या हाताचा, आणि सांगायला हरकत नाही, चांगलाच लागतो.

मग बोट खाली येतं. "बघतोस काय," ताई म्हणते, "उडीवर बोट ठेव."